वॉशरची मोटर बदलली म्हणाले, पण बदललीच नव्हती

पिकअपच्या काचेवर वॉशरचं पाणी नीट येत नसेल आणि गॅरेजवाल्याने बोनेट उघडायच्या आतच "मोटर गेली" म्हणून सांगितलं, तर गाडी त्याच्या ताब्यात देऊ नका. माझ्याकडून कधी बसवलीच नाही अशा मोटरचे पैसे घेतले गेले. ज्या रीतीने घेतले, ती रीत कुणाच्याही गाडीवर सहज चालेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

तक्रार साधी होती. स्टिअरिंगजवळची वॉशरची दांडी ओढली की मोटरचा आवाज यायचा, पण पाणी काचेच्या खालच्या कडेलाच ओघळायचं. ड्रायव्हरच्या बाजूला तर नुसते थेंब. पुढच्या ट्रकने चिखल उडवला आणि एवढ्याशा पाण्यावर वायपर फिरला, की काच पुसली जात नाही, चिखल सगळीकडे फासला जातो. त्यात समोरून दिवे आले की रस्ता दिसतच नाही. काम टाळण्यासारखं नव्हतं.

गॅरेजमधल्या माणसाने दांडी ओढून आवाज ऐकला आणि निकाल दिला, "मोटर वीक झालीय, प्रेशर देत नाही. बदलावी लागेल." नोझलला, म्हणजे काचेवर पाणी फवारणाऱ्या तोंडाला, हात लावला नाही, पाईप काढून बघितला नाही. मोटर टाकीच्या तळाशी असते, चाकाच्या आतलं प्लास्टिक उतरवावं लागेल, गाडी ठेवून जा, म्हणाला. जुना पार्ट परत पाहिजे, असं मी आधीच सांगून ठेवलं. तो लगेच हो म्हणाला, आणि त्यामुळे माझा विश्वास बसला. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा फवारा काचेच्या मध्यापर्यंत जात होता. माझ्या हातात एक पिशवी आली, आत काळी पडलेली मोटर. बिलावर मोटर, मजुरी आणि "वॉशर लिक्विड".

थोड्याच दिवसांत फवारा पुन्हा बसला. नवी मोटर इतक्यात थकणार नाही, म्हणून यावेळी स्वतःच शोधायला घेतलं.

इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली. बोनेटच्या आतून नोझलला जाणारा बारीक पाईप ओढून काढला, त्याचं तोंड बाटलीत धरलं आणि घरच्यांना दांडी ओढायला सांगितली. बाटलीत पाणी जोरात आलं. बोटाने तोंड अर्धवट दाबलं तरी जोर टिकला. म्हणजे टाकी, जाळी, मोटर, पाईप सगळं ठीक, अडथळा नोझलमध्ये. नोझल काढून उजेडात धरलं, तर छिद्राच्या कडेला पांढरा थर आणि आत चिकट लगदा. कोमट पाण्यात व्हिनेगर घालून ते भिजत ठेवलं, मग पाणी बाहेर पडतं त्या बाजूने आत हवा मारली. परत बसवल्यावर फवारा काचेच्या वरच्या भागापर्यंत गेला. मोटरला कुणी हातही लावला नव्हता.

मग ती "नवी" मोटर बघावी असं वाटलं. चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या क्लिपांवरचा चिखल इतका जुना आणि कडक होता, की त्या आधी उघडल्या गेल्याच नव्हत्या हे तिथेच कळलं. आत टाकीच्या बुडाला रबरी बुचात बसलेली मोटर, अंगावर धुळीचं पूट. प्लास्टिकच्या पार्टवर बऱ्याचदा साच्याची तारीख उठवलेली असते. छोटी गोल तबकडी, कडेने 1 ते 12 महिने, मधे बाण आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचे आकडे. मोटर पुसून बघितली. तबकडीवरचं वर्ष माझ्या गाडीचंच होतं, आणि शेजारच्या टाकीवरही तेच.

मग पिशवीतली मोटर कुणाची? ती टेबलावर ठेवून नीट पाहिली तर तिला पाण्याची दोन तोंडं होती. अशी मोटर मागच्या काचेलाही वायपर असलेल्या गाड्यांना लागते. एका दिशेने फिरली की पाणी पुढच्या काचेला, उलटी फिरली की मागच्या. माझ्या पिकअपच्या मागच्या काचेला वायपरच नाही, टाकीतून एकच पाईप निघतो. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची भंगार मोटर मला पुरावा म्हणून दिली होती. जुना पार्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असले पार्ट काढून ठेवलेले असतात, हे मला त्या दिवशी कळलं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण सावध राहणाऱ्या माणसालाच फसवण्याची ही सोय आहे.

लिक्विडचंही तेच. थोडं बाटलीत घेऊन हलवलं तर वरपर्यंत फेस. रंग घातलेलं साबणाचं पाणी होतं. जड पाण्यातल्या क्षारांशी साबण मिसळला की न विरघळणारा लगदा तयार होतो. नोझलमधला चिकट लगदा तोच असणार. त्यांनी नुसती हवा मारून छिद्रं तात्पुरती मोकळी केली आणि टाकीत ती पुन्हा बुजवणारं पाणी भरून दिलं.

मी दोन्ही मोटरींचे फोटो घेऊन गॅरेजवाल्याकडे गेलो. आधी म्हणाला, पोराने चुकीची मोटर पिशवीत टाकली असेल. मी विचारलं, मग नवी कुठाय? त्यावर म्हणाला, तुमचीच साफ करून चालली म्हणून तीच ठेवली. मग बिलावर मोटर कशी, याला उत्तर नव्हतं. मोटरचे पैसे त्याने परत दिले. मजुरीचे दिले नाहीत, आणि न उघडलेल्या क्लिपांचे फोटो बघायलाही तयार झाला नाही.

मोटर खरोखरही बिघडते, सगळेच खोटं सांगतात असं नाही. पण नोझलजवळचा पाईप काढून दाखवा, असं आधी म्हणा. पाच मिनिटांचं काम आहे, तुमच्या डोळ्यांसमोर होतं. तिथे जोर असेल तर मोटरचा विषयच संपला. तिथे कमी असेल तर तीच परीक्षा मोटरजवळ करायची. मोटरपाशी जोर आहे आणि वर नाही, तर पाईप बोनेटच्या बिजागरीत दबलाय, टी-जोडातून गळतोय किंवा मधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) अडकलाय. मोटरपाशीही जोर नसेल तर मोटर बाहेर काढून बुचातली बारीक जाळी बघा, टाकीतला गाळ तिथेच साठतो. शिवाय मोटर चालू असताना तिला वायर जोडतात त्या कपलरवर 12 व्होल्टच्या आसपास मिळतंय का, तेही मीटर लावून बघायचं. व्होल्टेज बरंच कमी असेल तर दोष गंजलेल्या कपलरचा किंवा अर्थिंगचा, आणि नवी मोटरही रडतच चालेल. एवढं सगळं ठीक निघालं, तरच मोटर.

बदलायचंच ठरलं तर गाडी देण्याआधी जुन्या मोटरवर पेंटच्या पेनने खूण करा, तिचा आणि क्लिपांचा फोटो काढा, आणि नव्या मोटरच्या खोक्यावरचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या. टाकी कोरडी असताना दांडी ओढून धरू नका, त्याने चांगली मोटरही जाते. आणि नोझलमध्ये कुणाला टाचणी घालू देऊ नका. पंख्यासारखं पाणी पसरवणारी नोझल टाचणीने कायमची बिघडतात, आणि मग तेही बदलायला सांगतात.