स्वोर्डफिशचा १/७२ किट : सगळा जीव वरच्या पंखात

फेअरी स्वोर्डफिश म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश टॉर्पेडोवाहू, दुहेरी पंखांचं विमान. त्याच्या प्लास्टिक मॉडेलचा हा १/७२ मापाचा किट बेळगावात बहुधा कुरिअरनेच येतो. म्हणून पेटी उघडली की आधी वरचा पंख काचेवर सपाट ठेवून बघा. बाक आला असेल तर कोमट पाण्यात धरून हलक्या हाताने सरळ करा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक मऊ पडून कडा वाकतात.

मापात खोट नाही. खऱ्या विमानाचा पंखविस्तार १३.८७ मीटर, म्हणजे इथे १९.३ सेंटिमीटर. उद्यमबागेतल्या फिटरने व्हर्नियर लावला तरी बोलायला जागा नाही. कापडाखालच्या फासळ्या मात्र बरगड्यांसारख्या वर आल्यात. ८०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून फिरवा.

खरी परीक्षा वरच्या पंखाची. दोन पंखांमधल्या खांबांच्या भोकांत ढिलाई आहे, सगळे एकदम चिकटवले की पंख तिरका बसतो. आधी धडावरचे मधले खांब लावा, पुठ्ठ्याचा साचा कापून टेकू द्या, रात्रभर ठेवा, मग बाहेरचे. पंखांना ताणून धरणाऱ्या तारांसाठी ०.३ मिलिमीटरची भोकं जोडणीआधीच पाडा. तारेला फॉल-पिकोवाल्यांकडचा पारदर्शक नायलॉन दोरा चालतो. सैल राहिला तर पेटती उदबत्ती जवळ न्या, टेकवू नका. फार ताणला तर पंखच पिळतो.

रंगही जोडणीआधीच. सुरुवातीच्या युद्धकाळात खालच्या पंखाच्या वरच्या बाजूला फिक्या छटा असत. सूचनापत्रात हे नाही. जुलै-ऑगस्टात लॅकर (थिनरमधला, झटपट वाळणारा रंग) मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. खानापूरकडच्यांनी तर दिवाळीपर्यंत थांबलेलं बरं.

किटात तीन माणसं दिलीत. नोव्हेंबर १९४० च्या, इटलीच्या तारान्तो बंदरावरच्या हल्ल्यातलं टॉर्पेडोवालं विमान करायचं असेल तर दोनच बसवा. निरीक्षकाच्या जागी जादा इंधनटाकी होती, तो मागे सरकला आणि तोफची जहाजावरच राहिला. ती टाकी किटात नाही, उरल्यासुरल्या प्लास्टिकमधून करावी लागते. मे १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू अडकवणाऱ्या तुकडीसाठी तिघंही ठेवा.

टॉर्पेडो सगळ्यात शेवटी. आधी लावला की तारा ओवताना मॉडेल धरायला पोटाखाली जागाच उरत नाही.