दौलतगंजातला छापखाना : बिल पक्कं, काम नेटकं, फक्त ‘ळ’ तेवढा सांभाळा

ग्वाल्हेरात बाड्याच्या चौकातून दौलतगंजात शिरलं की एका जिन्याखाली हा छापखाना आहे. नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रारही करायची आहे आणि मालकाशी माझं अजून येणंजाणं आहे.

मी हिशेबनीस. एरवी दोन-तीन दुकानांच्या वह्या लिहितो, निवडणूक आली की उमेदवारांच्या खर्चाचं रजिस्टर. 2018 ची विधानसभा, 2020 ची पोटनिवडणूक आणि 2023 ची विधानसभा, या तिन्ही वेळा पर्चे (प्रचाराची पत्रकं) आणि बिल्ल्यांचं काम मी इथेच आणलं. छपाई याहून सुबक करून देणारे ग्वाल्हेरात आहेत. मी येतो तो बिलासाठी.

मतदारांना उमेदवाराचा चेहरा दिसतो, खर्च निरीक्षकाला बिल दिसतं. प्रचारात किमान तीनदा रजिस्टर घेऊन त्याच्यासमोर बसावं लागतं. दहा हजारांच्या वरचं देणं चेकने नसेल तर तो चष्म्यावरून बघतो. जिल्ह्याच्या दरपत्रकाशी भाव जुळला नाही तर पुन्हा बघतो. बाकीचे छापखानेवाले कच्च्या चिठ्ठीवर आकडा टाकून देतात, ‘बाद में बना देंगे.’ हा माणूस पर्चे द्यायच्या आधी बिल हातात ठेवतो. पर्च्याच्या तळाला मुद्रक-प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि प्रतींची संख्या वाचता येईल अशा टायपात टाकतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127क त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. प्रकाशकाची लेखी ओळख आणि तिच्यावर त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांच्या सह्या घेतल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. 2023 ला माझा आतेभाऊ, आमचा दादा, ग्वाल्हेर दक्षिणमधून अपक्ष उभा राहिला, तेव्हा ओळख पटवायला मी होतो, दुसरं कुणी मिळेना. शेवटी वहिनी भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि नवऱ्याला आपण ओळखतो असं त्यांनी सही करून दिलं. ‘ओळखते, म्हणून तर नको म्हणत होते,’ असंही काउंटरवर ऐकवलं.

दुकान मालकाच्या वडिलांनी पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर सुरू केलं. ती मशीन अजून कोपऱ्यात आहे, तिच्यावर डबे ठेवतात. म्हाताऱ्याला 1967 आठवायचं. राजमाता विजयाराजे शिंद्यांनी छत्तीस आमदार फोडून मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पाडलं आणि गोविंद नारायण सिंहांना मुख्यमंत्री केलं, ते साल. त्यामुळे मार्च 2020 मध्ये राजमातांच्या नातवाबरोबर, ज्योतिरादित्य शिंद्यांबरोबर, बावीस आमदार काँग्रेसमधून निघाले, मुख्यमंत्री कमलनाथांनी 20 तारखेला राजीनामा दिला आणि 23 ला शिवराजसिंह परत आले, तेव्हा अख्खा देश टीव्हीसमोर बसला होता आणि आमच्या लष्कर भागात (ग्वाल्हेरच्या या भागाचं नावच लष्कर) लोक म्हणत होते, बरं, पुढे?

पुढे छापखानेवाल्यांची दिवाळी होती. 1967 ला पक्ष बदलून आमदारकी शाबूत राहायची. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तसं जमत नाही, म्हणून या सगळ्यांनी राजीनामेच दिले. आणि राजीनामा दिला की जागा रिकामी, जागा रिकामी की पुन्हा पर्चे. नोव्हेंबर 2020 मध्ये राज्यात एकदम 28 जागांवर मतदान झालं. मालकाचं वाक्य तेव्हाचं आहे, ‘भाईसाब, झंडा किसी का भी हो, डंडा तो हमारा है.’ बांबूच्या काड्या तो खरंच स्वतः कापून घेतो, आणि त्या गुळगुळीत असतात. हाताला कुसळ लागत नाही. झेंड्याच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे, तुम्ही दिवसभर धरून बघा.

त्या पोटनिवडणुकीत मी ग्वाल्हेर पूर्वच्या एका अपक्षाचं रजिस्टर लिहीत होतो. तिथे गंमत अशी, की 2018 चेच दोन मुख्य उमेदवार समोरासमोर, फक्त चिन्हांची अदलाबदल. मुन्नालाल गोयल 2018 ला पंजावर जिंकले होते, आता कमळावर होते. सतीश सिकरवार तेव्हा कमळावर हरले होते, आता पंजावर उभे होते. शहरातल्या कुठल्याही डिझाइनवाल्याला नवे फोटो लागले नसतील, मागची पट्टी बदलली की झालं. निवडून आले सिकरवार. म्हणजे दोन्ही वेळा पंजा. आणि शेजारच्या ग्वाल्हेर मतदारसंघात प्रद्युम्नसिंह तोमर 2018 ला पंजावर आले आणि 2020 ला कमळावरही आले. एका रस्त्याच्या अलीकडे चिन्ह जिंकलं, पलीकडे चेहरा. मी मालकाला विचारलं, तुझ्याकडे कुणाकुणाचं काम होतं? तो सांगत नाही. एका पक्षाचा माणूस आत असला की दुसऱ्याचा गठ्ठा पडद्यामागे सरकवतो. हा त्याचा मोठा गुण.

आता तक्रार. 2 नोव्हेंबर 2023 ला माघारीची मुदत संपली आणि अपक्षांना चिन्हं मिळाली. दादाने मागितलेली पहिली दोन गेली, तिसरी कपबशी हाती आली. मतदान 17 ला आणि मधे 12 ला लक्ष्मीपूजन. हिंदी पर्चे आठ हजार, वेळेवर मिळाले, शाई पुसत नव्हती, कपाचा कानही यादीतल्या चित्रात होता त्याच बाजूला होता. (हे ऑपरेटरने स्वतःहून तपासलं.) पण दादाचा हट्ट, गोठांमधल्या, म्हणजे जुन्या मराठी वस्त्यांमधल्या, आपल्या लोकांसाठी पाचशे पर्चे मराठीत हवेत. वर ठळक ओळ होती, ‘तुमच्या ओळखीचा माणूस’. प्रूफ मी दोनदा वाचलं, बरोबर होतं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी गठ्ठा सोडला तर पाचशेच्या पाचशेवर ‘तुमच्या ओलखीचा माणूस’. ऑपरेटरने शेवटच्या क्षणी फॉन्ट बदलला होता आणि त्यात ळ नव्हता, तर त्याने जवळचं अक्षर टाकलं. दादाची सगळी मोहीम तुंबलेल्या नाल्यांवर, आणि माणूस ओलखीचा. चिटणीस की गोठमध्ये पाच-पंचवीस वाटले गेले होते तेवढ्यात. एका काकूंनी दादाला दारातच विचारलं, पाय पुसून आलास ना?

मालकाने वाद घातला नाही, पैसेही मागितले नाहीत. पण कारागीर दिवाळीला गावी गेलेले. दुसरा गठ्ठा पाडव्याला दुपारी मिळाला आणि प्रचार 15 ला संध्याकाळी संपला. दीड दिवसात काय वाटणार? तीनशे अजून माझ्याकडे आहेत, मागची बाजू कोरी आहे म्हणून दुधाचा हिशेब त्यांच्यावर चालतो.

अनामत गेली, दहा हजार. मतांचा आकडा घरात कुणी काढत नाही. मात्र याच ग्वाल्हेर दक्षिणमध्ये 2018 ला प्रवीण पाठक नारायणसिंह कुशवाहांवर फक्त 121 मतांनी आले होते. पर्च्यांची गड्डी शंभराची असते, म्हणजे सव्वा गड्डीच्याही आत. 2023 ला तेच दोघे पुन्हा भिडले आणि निकाल उलटला. असल्या मतदारसंघात मी मराठी ‘ळ’ला कमी लेखणार नाही, दादाची गोष्ट वेगळी.

गमछे इथून घेऊ नका. बाहेरून मागवतो, पहिल्या धुण्यात रंग सुटतो, माझा एक पांढरा सदरा गेला. बिल्ले ठीक. काम टाकायचं तर धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी, आणि मराठी मजकूर असेल तर प्रूफवर थांबू नका, मशीनवरचा पहिला कागद हातात घेऊन वाचा. गाडी बाड्यावर लावून चालत या, गल्लीत हातगाड्या असतात. पाचपैकी चार, गमछ्यांचा एक कापला.

कपबशीची फाइल दादाने 2028 साठी जपून ठेवायला सांगितली आहे. वहिनींना अजून माहीत नाही.