स्टीलचा फ्रीज, ओव्हन, चिमणी पुसायला काय घ्यावं: साबणपाणी, व्हिनेगर की पॉलिशचा स्प्रे?

एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी चांगलं मायक्रोफायबरचं फडकं घ्यायला सांगेन. भांड्यांचा लिक्विड साबण घरात असतोच. बोटांचे ठसे आणि चिमणीवरचा चिकटा म्हणजे तेल, आणि तेल सुटतं साबणाने. कोमट पाण्यात दोन-चार थेंब टाकून पुसा, साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा आणि लगेच कोरडं करा. कोरडं करणं टाळलं की पाण्यातले क्षार मागे राहतात आणि पुसलेलं दारच डागाळलेलं दिसतं. पत्र्यावर बारीक रेषा असतात, हात त्यांच्याच दिशेने फिरवायचा.

व्हिनेगर लागतं ते या क्षारांच्या पांढऱ्या डागांसाठी. तितकंच पाणी मिसळा, फडक्यावर घ्या, पुसा आणि धुऊन काढा. तासन्‌तास लावून ठेवू नका. चिकटलेल्या तेलावर ते साबणापुढे कमीच पडतं. ब्लीचमध्ये मात्र चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

स्प्रेबद्दल बराच गैरसमज आहे. तेल असलेले पॉलिशचे स्प्रे मुख्यतः चमक देतात आणि ठसे झाकतात. मळक्या दारावर मारला तर मळ त्या थराखालीच राहतो, आणि जास्त झाला तर धूळ धरतो. आधी साबणपाणी, मग हवा असेल तर थोडासा, तोही थंड पृष्ठभागावर. मला तो गरजेचा वाटत नाही.

वाळून घट्ट बसलेल्या डागावर खायच्या सोड्याची पातळ पेस्ट चालते, पण आरशासारख्या गुळगुळीत पत्र्यावर ओरखडे दिसू शकतात.

तारेची घासणी आणि ब्लीच यांचा विचारच नको. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन अतिशय पातळ थर बनतो आणि गंज रोखतो. ओरखडा पडला तरी हा थर पुन्हा धरतो; ब्लीच आणि मिठातून येणारं क्लोराइड मात्र तो भेदून बारीक खड्डे पाडतं. साध्या लोखंडी घासणीचे कण पत्र्यावर राहिले तर तेच गंजतात. असा वरवरचा तांबूस डाग ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या क्लीनरने निघतो.

दाराला चुंबक घट्ट चिकटला तर पत्रा बहुधा स्टेनलेस स्टीलच्या 430 जातीचा, निकेल नसलेला असतो. 304 या दुसऱ्या जातीत सुमारे 8 टक्के निकेल असतं, त्याला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. खारट ओलाव्यात 430 लवकर डागाळतो, म्हणून असं दार कोरडं ठेवण्यात अजिबात हयगय नको.

ठसे उमटू नयेत म्हणून लेप दिलेलं मॉडेल असेल तर यातलं बरंच बाद होतं. तिथे तुम्ही स्टील नाही, लेप पुसत असता. आम्ल, सोडा किंवा पॉलिशने तो खराब होऊ शकतो. मऊ फडकं आणि सौम्य साबणपाणी एवढंच वापरा, आणि आणखी काही लावण्याआधी माहितीपुस्तिका वाचा.