साठीनंतर रोजची लिपस्टिक: क्रीम की मॅट?

रोज लावायची तर क्रीमच घ्या. लिक्विड मॅट (पातळ, वाळली की चमक न राहणारी) जास्त टिकते हे खरं, पण वयानुसार ओठ कोरडे पडलेले असतात. ती सुरकुत्यांत फुटते आणि पापुद्रे निघाल्यासारखे दिसतात. क्रीमचं दुखणं वेगळं. वरच्या ओठावरच्या बारीक रेघांतून रंग बाहेर पसरतो. म्हणून आधी पेट्रोलियम जेली लावून पाचेक मिनिटांनी पूर्ण टिपून काढा (राहिली तर लायनर घसरतो), त्याच रंगाच्या लायनरने कड आखा, मग लिपस्टिकचा एकच हात, टिश्यू दाबा, वरून किंचित पावडर.

गव्हाळ रंगावर विटकरी किंवा मरून खुलतो. फिकट न्यूडने (त्वचेच्या रंगाच्या जवळच्या छटेने) चेहरा थकलेला दिसतो. ‘या वयात कशाला’ म्हणणारे कुठल्याही रंगाला नावं ठेवतातच. कुणाला नुसती टिकली पुरते, तेही ठीक.

शेवभाजीपुढे मात्र क्रीमचं काही चालत नाही, तर्रीच्या तेलात ती सुटते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकला की पर्समधली कांडी मऊ होऊन वाकते, तिच्यावर तेलाचे थेंब येतात. फ्रिजच्या दारात ठेवा. खवट वास आला तर फेका.