गुलाबी बोंडअळीसाठी स्वयंचलित कामगंध सापळा : एका हंगामाच्या वापरानंतर

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी केव्हा घ्यावी, याचा एक रूढ निकष असा आहे की कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणाऱ्या सापळ्यात) सलग ३ रात्री, दर रात्री ८ किंवा त्याहून अधिक नर पतंग सापडले, तर कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोहोचली असे समजावे. निकष सोपा आहे. मात्र तो पाळायचा तर सापळा रोज सकाळी पाहावा लागतो, आणि हंगामाच्या धावपळीत तेच राहून जाते. आठवड्यातून एकदा मोजणी केली आणि ३५ पतंग निघाले, तर रात्रीची सरासरी ५ भरते आणि मन निर्धास्त होते. प्रत्यक्षात त्यांतले ३० पतंग लागोपाठच्या तीनच रात्रींत आलेले असू शकतात. ही उणीव भरून निघावी, एवढ्याच अपेक्षेने मी कॅमेरा असलेला स्वयंचलित सापळा घेतला आणि पाते (फुलांच्या कळ्या) लागण्याच्या सुमारास शेतात उभा केला.

रचना समजायला सोपी आहे. वर उतरते छप्पर, तळाशी काढता येणारा चिकट कागद, मध्ये टांगलेली ल्युअर, म्हणजे मादीचा गंध सोडणारे आमिष, आणि छपराच्या आतून खाली पाहणारा कॅमेरा. बाहेर लहानसा सौर पत्रा, आत बॅटरी आणि मोबाइलचे सिम. पतंग रात्री उडतात, म्हणून हे यंत्र पहाटे चिकट कागदाचे छायाचित्र घेऊन पाठवते. संगणक त्यातील पतंग ओळखून प्रत्येकाभोवती चौकट आखतो आणि आकडा मोबाइलवर येतो. ल्युअर मात्र साध्या सापळ्यातलीच, म्हणजे गॉसिप्लूरची. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा हा गंध रसायन म्हणून १९७३ मध्ये नेमका ओळखला गेला. त्यात दोन घटक जवळजवळ समप्रमाणात असतात आणि त्या प्रमाणामुळेच इतर जातींचे पतंग सहसा त्याकडे फिरकत नाहीत. संगणकाची निम्मी ओळख या गंधानेच आधी करून ठेवलेली असते, हे विसरू नये.

तरीही आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कागदावर कालचे पतंगही चिकटलेलेच असतात. त्यामुळे आजच्या रात्रीचा आकडा म्हणजे आजची एकूण संख्या वजा कालची एकूण संख्या. वाऱ्यासोबत धूळ येऊन कागदावर बसली, जुन्या पतंगांच्या पंखांवरील खवले झडले किंवा मुंग्यांनी एखादा पतंग कुरतडला, की संगणक तो मोजत नाही आणि एकूण संख्या कमी होते. एका वादळी रात्रीनंतर माझ्याकडे चक्क उणे आकडा आला होता. तो पाहून चूक तरी लगेच कळली. अधिक धोका आहे तो अशा सकाळी, जेव्हा चार जुने पतंग ओळखीबाहेर जातात, चार नवे येतात आणि आकडा शून्य दिसतो. शिवाय हा पतंग लहान, करड्या-तपकिरी रंगाचा असतो आणि दोन पतंग एकमेकांवर चिकटले तर छायाचित्रात ते एकच वाटतात.

म्हणून या उत्पादनातील सर्वांत मोलाची सोय मला आकड्याची नव्हे, तर मूळ छायाचित्राची वाटते. ते मोठे करून पाहता येते, चुकीची चौकट पुसता येते, सुटलेल्या पतंगाभोवती स्वतः चौकट आखता येते आणि दुरुस्त केलेला आकडा नोंदवहीत राहतो. सकाळी हे काम करायला मला दोन-तीन मिनिटे पुरत असत. छायाचित्र न दाखवता केवळ आकडा कळवणारा सापळा कोणी देऊ केला, तर तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

माझी मुख्य तक्रार सेवेबद्दल आहे. सलग ढगाळ दिवसांत बॅटरी उतरली आणि तीन दिवस छायाचित्र आले नाही. मोबाइलवर मात्र त्या तिन्ही दिवसांपुढे शून्य लिहिलेले होते. पतंग न येणे आणि माहिती न येणे या दोन गोष्टी एकाच आकड्याने दाखवणे ही किरकोळ चूक नाही. सलग तीन रात्रींच्या निकषावर निर्णय अवलंबून असताना असे तीन खोटे शून्य शेतकऱ्याला नेमक्या मोक्याच्या आठवड्यात गाफील ठेवू शकतात. मी कळवल्यानंतर बॅटरी बदलून मिळाली, नोंद मात्र तशीच राहिली. दुसरी उणीव ल्युअरच्या बाबतीत आहे. ल्युअरमधील गंध दिवसागणिक उडून जातो, कडक उन्हात तर लवकरच. साधारण तीन-चार आठवड्यांनी ती बदलावी लागते. हे यंत्र तापमान नोंदवते, बसवल्याची तारीखही त्याला ठाऊक असते, तरी ल्युअर बदलण्याची आठवण ते करून देत नाही. ल्युअर जुनी झाल्याने आकडा उतरला आणि आपण कीड ओसरली असे समजलो, तर त्यात यंत्र अचूक असूनही नुकसान आपलेच होते.

सापळा नर पतंग मोजतो, नुकसान करणारी अळी बोंडाच्या आत असते. त्यामुळे डोमकळ्या (अळी आत असल्याने नीट न उमललेली फुले) शोधणे आणि हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहणे काही सुटत नाही. फुलांत किंवा हिरव्या बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव हा निकष आपल्या हातांनीच तपासावा लागतो. मला सापळ्याचा उपयोग झाला तो बोंडे केव्हापासून फोडायची हे ठरवण्यासाठी. पतंगांची संख्या चढू लागली त्या आठवड्यापासून मी दर दोन-तीन दिवसांनी बोंडे पाहू लागलो, आणि पहिल्या अळ्या अगदी लहान असतानाच सापडल्या. मिलनात अडथळा आणण्यासाठी शेतभर गंध पसरवणारी पद्धत वापरणाऱ्यांनी मात्र या आकड्यांवर विसंबू नये, कारण तिथे नराला सापळाही नीट सापडत नाही.

निरीक्षणासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावण्याची शिफारस आहे, आणि तेवढे स्वयंचलित सापळे घेणे बहुतेकांना झेपणारे नाही, त्याची गरजही नाही. मी एकच यंत्र ठेवले आणि बाकीचे साधे सापळे लावले; यंत्रावर आकडा वाढलेला दिसला की त्या सकाळी सगळे सापळे फिरून पाहत असे. बांधाकडच्या साध्या सापळ्यांत दोनदा यंत्रापेक्षा बरेच अधिक पतंग निघाले. पुढच्या हंगामात यंत्र शेताच्या मध्यावर न लावता त्या बांधाजवळ, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंचीवर लावणार आहे, आणि पीक वाढेल तसा खांबही वर सरकवणार आहे. या वर्षी तो एकाच उंचीवर राहिला आणि अखेरीस सापळा पानांत बुडाला होता.