ब्लॅक रॉक की हिल्सबरो? ट्रेसीचे दोन सिनेमे, एक संध्याकाळ

लहान गावातला द्वेष आणि झुंडशाही यांवरचा जुना हॉलिवूडपट चारचौघांना दाखवायचा आहे आणि गाडी अभिनेता स्पेन्सर ट्रेसीपाशी येऊन थांबली आहे, असं असेल तर निवड बहुधा दोनांतच करावी लागते: 'बॅड डे ॲट ब्लॅक रॉक' (१९५५) की 'इनहेरिट द विंड' (१९६०)? आमच्या मित्रमंडळात हाच घोळ झाला होता. आम्ही दोन्ही दाखवले, वेगवेगळ्या वेळी. त्यामुळे पुढचं मत अनुभवाचं आहे, समीक्षेचं नाही.

दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमरचा 'इनहेरिट द विंड' मुळात नाटक. शाळेत डार्विनचा उत्क्रांतिवाद शिकवला म्हणून एका तरुण शिक्षकावर खटला भरला जातो आणि बचावाला ट्रेसी, विरोधात फ्रेडरिक मार्च. उलटतपासणीचा प्रसंग तर असा रंगतो की चहा गार होतो. कोर्टातलं नाटक म्हटलं की पुढे सरकून बसणारा आपला प्रेक्षक इथे हमखास खूश. त्यात काळाचं धाडसही होतं: पटकथाकार नेड्रिक यंग हॉलिवूडच्या काळ्या यादीत (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काम नाकारलं जाई त्यांच्या) होता, म्हणून श्रेयनामावलीत टोपणनाव आलं. कम्युनिस्ट शोधत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थीच्या दहशतीला उत्तर म्हणूनच मूळ नाटक लिहिलं गेलं, हेही लक्षात ठेवायला हवं.

तरीही मला एक गोष्ट खुपली, आणि ती शेवटपर्यंत खुपत राहिली. ती म्हणजे गावातली माणसं.

सिनेमातलं हिल्सबरो गाव म्हणजे खरं तर अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं डेटन, आणि खटला १९२५ सालचा. प्रत्यक्षात झालं असं की राज्यानं उत्क्रांती शिकवायला बंदी केली, नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या एका संघटनेनं बचावाची तयारी जाहीर केली आणि डेटनच्या काही हिशेबी मंडळींनी औषधाच्या दुकानात बसून ठरवलं, खटला आपल्याच गावात होऊ द्या, नाव होईल, धंदा होईल. जॉन स्कोप्स हा शिक्षक राजीखुशीनं आरोपी झाला. आपण उत्क्रांती नक्की शिकवली का, हे त्यालाही धड आठवत नव्हतं. शिक्षा काय, तर १०० डॉलर दंड. सिनेमात मात्र भर वर्गात अटक, तुरुंग, बाहेर पुतळा घेऊन ओरडणारी झुंड.

नावं बदललीत, त्यामुळे इतिहासाशी इमान राखायची सक्ती नव्हती, हे मान्य. स्टेबिन्ससारखा एखादा सहृदय शेतकरीही आहे. पण बाकी गाव म्हणजे घामट, भजनं गाणारे, भडकलेले चेहरे. असहिष्णुतेवरचा सिनेमा आणि या माणसांकडे बघायची त्याची स्वतःची तऱ्हा काही फार सहिष्णू नाही. याचा परिणाम आमच्याकडे दिसला. सिनेमा संपल्यावर सगळे मजेत होते, 'काय अडाणी लोक!' म्हणून हसत होते. कुणालाच काही टोचलं नव्हतं. मला वाटतं, अशा विषयावरच्या सिनेमानं तेवढं तरी करावं.

जॉन स्टर्जेसचा 'ब्लॅक रॉक' नेमकं तेच करतो. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा काळ, वाळवंटातलं मूठभर वस्तीचं गाव. चार वर्षांत तिथे न थांबलेली आगगाडी थांबते आणि एक हात निकामी असलेला अनोळखी माणूस (ट्रेसी) उतरतो. कोमोको नावाच्या जपानी शेतकऱ्याची चौकशी करतो आणि गावाची बोलती बंद होते. तो कशासाठी आलाय, ते मी इथे सांगत नाही. ज्यांना दाखवणार त्यांनाही सांगू नका. रॉबर्ट रायन खलनायक आहेच, पण खरा सिनेमा आहे तो दारूत बुडालेल्या शेरीफचा, हॉटेलच्या गल्ल्यावरच्या पोराचा, डॉक्टरचा. यांनी काही केलं नाही, एवढंच त्यांचं पाप. त्यांच्याकडे बघून हसता येत नाही. आमच्याकडे त्या रात्री बोलणं सुरू झालं ते उशिरा, आणि वळलं ते थेट प्रत्येकाच्या गावाकडे, सोसायटीकडे.

चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळ झालं. तिथून थोड्याच अंतरावर मँझनार, म्हणजे युद्धकाळात हजारो जपानी-अमेरिकनांना डांबून ठेवलेली छावणी. गावकरी 'कोमोकोला छावणीत पाठवलं' अशी थाप मारतात, ती हे माहीत असलं की वेगळी ऐकू येते.

उणिवा आहेत. ज्याच्यावर अन्याय झाला तो कोमोको पडद्यावर दिसतच नाही, एकही जपानी चेहरा नाही. आज हे डोळ्यांत भरतं. अख्ख्या सिनेमात बाई एकच. शेवटची झटापटही थोडी उरकल्यासारखी. शिवाय सिनेमास्कोप आहे: रुंद पडद्यावर स्टर्जेस माणसांना असं दूरदूर उभं करतो की मधली रिकामी जागाच धमकावते. मोबाइलवर ते सगळं वाया जातं. प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही नसेल, तर 'इनहेरिट द विंड'च बरा. तो कानांनीही बघता येतो. फक्त बोलणं भरपूर आहे, सबटायटल्स लावा.

(ट्रेसीला 'ब्लॅक रॉक'साठी फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. ऑस्कर मात्र हुकलं, आणि नेलं कुणी, तर याच सिनेमात त्याच्या एका हाताचा मार खाणाऱ्या अर्नेस्ट बोर्गनाइननं, 'मार्टी'साठी. उपाहारगृहातला तो प्रसंग बघताना हे आठवलं की जास्तच मजा येते.)

वेळेचंही बघा. 'ब्लॅक रॉक' सव्वा तासाच्या थोडा वर, 'इनहेरिट द विंड' दोन तासांहून जास्त. नंतर गप्पा मारायच्या असतील तर हा फरक मोठा आहे. तुमच्या मंडळींना वकिली जुगलबंदी प्रिय असेल तर माझं ऐकू नका. नाहीतर आधी 'ब्लॅक रॉक' लावा. ट्रेसी-मार्चची उलटतपासणी पुढच्या खेपेला आहेच.