पलंगाशेजारची वही: सात महिन्यांच्या वापरानंतर

दादाच्या पलंगाशेजारी आम्ही त्याच्या दिवसभराच्या नोंदींची एक वही ठेवली, तिला या आठवड्यात सात महिने झाले. पहिले पाच महिने ती पुनर्वसन रुग्णालयात होती, आता घरी आहे. ज्यांना जवळच्या माणसाला भेटायला अशा रुग्णालयात रोज जावं लागतंय, त्यांच्यासाठी लिहिते आहे. ही वही ठेवावी का, कशी ठेवावी आणि आमचं कुठे चुकलं, ते सगळं सांगते.

दादाच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. आवाज होता, पण शब्द एकच उरला: 'म्हणजे'. पाणी हवं असलं तरी 'म्हणजे', राग आला तरी 'म्हणजे'. याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने असाच एक रुग्ण तपासला होता. त्याच्या तोंडून 'टॅन' एवढाच उच्चार निघायचा, पण विचारलेलं बरंचसं कळायचं. तो गेल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या बाजूला, इजा सापडली आणि बोलण्याचं काम तिथून चालतं हे उमगलं. स्पीच थेरपिस्टने ही गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितली आणि म्हणाली, "भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगा." कारण येणारा प्रत्येक जण दादाशी ओरडून बोलायचा, जणू त्याचे कान गेलेत. नाहीतर त्याच्यासमोरच वहिनीला विचारायचा, "याला कळतं का काही?" त्याला सगळं कळत होतं. तो मान भिंतीकडे वळवायचा.

एरवी रुग्णाला कसं भेटायचं ते आपल्याला ठाऊक असतं. उशाशी दहा मिनिटं बसायचं, धीर द्यायचा, निघायचं. पुनर्वसन रुग्णालयात मात्र रुग्ण दिवसभर कामावर असतो. सकाळी फिजिओ, मग ओटी, मग स्पीच, दुपारी पुन्हा फिजिओ. (ओटी म्हणजे इथे ऑक्युपेशनल थेरपी. काकांनी वहीत "उद्या १० वाजता ओटी" वाचलं आणि ऑपरेशन आहे समजून रात्रभर जागे राहिले. त्या दिवसापासून आम्ही 'हाताची थेरपी' असं लिहितो.) संध्याकाळी भेटीची वेळ होते तेव्हा तो गळून गेलेला असतो, आणि तेव्हाच एकामागून एक माणसं येऊन तोच प्रश्न विचारतात: आज काय काय केलं? ज्याच्याजवळ एकच शब्द आहे त्याला हा प्रश्न म्हणजे रोजची परीक्षा.

वही सुरू झाली ती या एका प्रश्नासाठी. त्याआधी दोन उपाय करून पाहिले होते. एक, मोबाइलवर नातेवाइकांचा ग्रुप. बातमी सगळ्यांना पोचायची, पण ज्याची बातमी तोच त्यात नव्हता. दोन, बोलायला मदत करणारं टॅबलेटवरचं ॲप. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. चांगलं साधन आहे, थेरपीच्या तासात दादाने वापरलंही. पण पलंगावर आडवं असताना एका हाताने टॅबलेट धरायचा, उघडायचा आणि नेमक्या चित्रावर बोट ठेवायचं हे त्याला झेपेना. ज्यांचे दोन्ही हात चालतात त्यांना ते वहीपेक्षा उपयोगी पडेल.

वही कशी घ्यावी यात आम्ही दोनदा चुकलो. पहिली पुठ्ठा-बांधणीची होती, ती उघडी राहतच नव्हती. दुसरी स्पायरलची, पण स्पायरल डाव्या बाजूला. दादा आता डाव्या हाताने लिहायला शिकतोय, त्याचा पंजा नेमका तारेवर यायचा. तिसरी घेतली ती वरच्या कडेला स्पायरल असलेली, रुंद रेघांची. तरीही कागद सरकायचा, कारण उजवा हात तो दाबून धरू शकत नव्हता. ओटीच्या थेरपिस्टने वहीखाली रबरी जाळीचा न घसरणारा तुकडा ठेवला आणि तो प्रश्न मिटला. पेन जाड घ्या. बॉलपेनाला जोर द्यावा लागतो, स्केचपेनाला लागत नाही.

वहीची जागा हा तर मोठाच धडा होता. नर्सला बोलवायची बेल डाव्या हाताशी हवी, म्हणून वही उजवीकडच्या टेबलावर ठेवली. दोन आठवडे दादाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, नको झाली असेल. मग कळलं की त्याला उजवीकडचं दिसतच नाही. दोन्ही डोळे शाबूत असूनही दोन्हींचा उजवा अर्धा भाग मेंदूपर्यंत पोचत नव्हता. वाचताना प्रत्येक ओळीचा शेवट गायब व्हायचा. थेरपिस्टने प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आणि सांगितलं: लाल दिसेपर्यंत मान वळवायची. वही मुद्दामच उजवीकडे राहू दिली, फक्त जवळ ओढली, म्हणजे त्या बाजूला बघायची सवय लागेल. तुमच्या माणसाला कुठल्या बाजूचं दिसतं, हे वही घेण्याआधी विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही आणि चौदा दिवस त्याच्यावरच रुसलो.

पहिल्या पानावर भेटायला येणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहिल्या होत्या. हात धुऊन या: अल्कोहोलचं द्रावण असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६०. उजवा हात धरून त्याला ओढू किंवा उठवू नका. थेरपिस्टला विचारल्याशिवाय तोंडात काही देऊ नका, पाणीसुद्धा. एका वेळी एकानेच बोला.

यातली खांद्याची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त मोडली गेलेली. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हाताच्या वजनाने सांधा खाली उतरतो. माणूस प्रेमाने हात ओढून बसवायला जातो आणि पुढचे कित्येक आठवडे तो खांदा ठणकत राहतो. आमच्याकडे हे एकदा झालं. ज्यांच्या हातून झालं त्यांना आजही वाईट वाटतं, म्हणून अधिक लिहीत नाही. पाण्याचं कारणही लोकांना पटत नाही. घशाचे स्नायू मंद झाले की पातळ पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. पहिला महिनाभर दादाला पाणी घट्ट करून दिलं जायचं. "अहो, घोटभर पाण्याने काय होतंय," असं म्हणणाऱ्यांना मी ते पान वाचायला देत असे.

रोजच्या नोंदींचं वळण बदललं ते एका मीटिंगनंतर. मी डॉक्टरांना विचारलं होतं, किती टक्के सुधारणा आहे? त्यांनी समजावलं की पुनर्वसनात फिम नावाची मोजणी वापरतात. जेवणं, कपडे घालणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, जिना चढणं, समजणं, बोलणं अशा १८ गोष्टी, प्रत्येकीला १ ते ७ गुण. पूर्ण आधार लागला तर १, स्वतःचं स्वतः जमलं तर ७. म्हणजे एकूण १८ ते १२६. बोलण्याचा गुण जागचा हलला नाही तरी खुर्चीत जाण्याचा वाढलेला असू शकतो. त्या दिवसापासून वहीत 'आज बरा होता', 'आज उदास वाटला' असली वाक्यं कमी झाली. त्याऐवजी: 'पलंगावरून खुर्चीत, दोघांऐवजी एकाच्या आधाराने.' 'शर्टाची डावी बाही स्वतः घातली.' संध्याकाळी येणारा माणूस हे वाचायचा आणि म्हणायचा, "बाही घातलीस म्हणे!" दादाचा चेहरा उजळायचा. सांगायचं काम वहीने आधीच केलेलं असायचं, त्याच्या वाट्याला फक्त दाद घेणं यायचं. वहीचा एकच फायदा सांगायचा तर मी हा सांगेन.

आता जिथे चुकलो ते. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी वहीत कुणीतरी लिहिलं: 'आज खूप रडला. सारखा रडत होता.' लिहिणाऱ्याच्या मनात माया होती. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती ओळ स्केचपेनाने काळी केलेली होती, इतक्या जोराने की खालची तीन पानं फाटली होती. डाव्या हाताने. मी विचारलं, "तू केलंस?" त्याने वही माझ्याकडे ढकलली आणि तोंड फिरवलं. त्याला काय झोंबलं ते मला त्या क्षणी कळलं. आम्ही त्याच्याबद्दल त्याच्या उशाशी लिहीत होतो आणि येणारा-जाणारा ते वाचत होता. त्याला वाचता येतं हे आम्हीच विसरलो होतो. ज्या अपमानातून त्याला वाचवायला वही आणली, तोच अपमान वहीतून होत होता.

रडण्याबद्दल थेरपिस्टने नंतर समजावलं. मेंदूला इजा झाल्यावर भावनांचा लगाम सैल होतो, दुःख नसतानाही रडू फुटतं आणि माणसाला ते थांबवता येत नाही. अशा वेळी "काय झालं, काय झालं" करू नये. शांत बसावं, थोड्या वेळाने दुसरा विषय काढावा. पण वहीतल्या त्या ओळीची भरपाई या माहितीने होणार नव्हती. मी त्याची माफी मागितली. मग नियम केला की जे लिहायचं ते आधी त्याला वाचून दाखवायचं आणि त्याने डावा अंगठा वर केला तरच ठेवायचं. पहिल्याच आठवड्यात त्याने अर्ध्याहून जास्त नोंदी नाकारल्या. शौच-लघवीच्या सगळ्या. त्या सिस्टरांच्या तक्त्यात असतातच, आमच्या वहीत त्यांचं कामच नव्हतं.

चौथ्या महिन्यात वॉर्डमध्ये संसर्ग आला आणि दादाला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत गेलेली वस्तू बाहेर येणार नाही, म्हणून वही आतच राहिली. आम्ही गाऊन-हातमोजे घालून एकेकटे जायचो. बरोबरच होतं ते. पण तेव्हा वहीवर पुसता येईल असं प्लास्टिकचं कव्हर नव्हतं याची हळहळ वाटली. ते पहिल्या दिवसापासून घाला. एक तक्रार मात्र मनापासून आहे: भेटीची वेळ बदलून थेरपीच्या वेळेवर आणली गेली तेव्हा कुणी कळवलं नाही. सहा दिवस मी दारातून परत आले. वहीत ते सहा दिवस कोरे आहेत.

शेजारच्या पलंगावर डोक्याला मार लागलेला एक तरुण होता. त्याच्या आईने आमचं पाहून वही केली आणि तिला ती आमच्यापेक्षा जास्त उपयोगी पडली. त्याच्या नव्या आठवणी टिकत नव्हत्या. दर तासाला विचारायचा, आई का आली नाही? वहीत आईच्याच अक्षरात तारीख-वेळ असायची: 'मी आज चार वाजता आले, तू झोपला होतास, उद्या परत येते.' ते वाचून तो शांत व्हायचा. तासाभराने पुन्हा विचारायचा, पुन्हा वाचायचा. अशा रुग्णाकडे एका वेळी एक-दोनच माणसांनी, थोडाच वेळ, हळू आवाजात बोलत बसायचं असतं. गर्दी आणि गडबड त्याला सोसत नाही. समोरच्या पलंगावर मणक्याची दुखापत झालेले एक गृहस्थ होते, त्यांना वहीची काहीच गरज नव्हती. त्यांचं बोलणं, स्मृती सगळं ठणठणीत होतं. त्यांना हवं होतं ते बरोबरीने पत्ते खेळणारं माणूस.

वहीच्या मागच्या पानांवर आम्ही गाण्यांच्या पहिल्या ओळी लिहिल्या. बोलता न येणाऱ्या दादाला गाता येतं हे एका सिस्टरच्या लक्षात आलं होतं. चालीचं काम मेंदूची उजवी बाजूही करते आणि त्याची ती बाजू शाबूत आहे. याच आधारावर शब्द सुरात म्हणून घेण्याची एक थेरपी १९७० च्या दशकापासून चालत आली आहे. १ ते १० अंक आणि वारांची नावंही त्याच्या तोंडून सलग यायची, सुटा 'बुधवार' मात्र यायचा नाही. आत्या रोज एक ओळ अर्धी म्हणून थांबायची. थांबायची म्हणजे खरंच थांबायची, मनातल्या मनात दहा मोजून. बाकी आम्ही सगळे तीनपर्यंत पोचायच्या आत शब्द पुरवून मोकळे व्हायचो. भेटायला येणाऱ्याला एकच कौशल्य शिकायचं असेल तर आत्याचं शिकावं. पाचव्या महिन्यात आलेला त्याचा पहिला सुटा शब्द तिच्या थांबण्यातून आला: 'चल'.

'हो' आणि 'नाही' यांबद्दल सावध राहा. तोंडून 'हो' यायला लागलं तेव्हा आम्ही आनंदाने त्याच्यावर भरवसा ठेवला, आणि त्याला नको असलेल्या बऱ्याच गोष्टी केल्या गेल्या. वाचाघातात मनात 'नाही' असताना तोंडून 'हो' निघू शकतं. एका पानावर मोठ्या अक्षरात 'हो', 'नाही' आणि 'दुसरंच काहीतरी' लिहून बोट ठेवायला सांगितलं तेव्हा खरी उत्तरं मिळाली. 'दुसरंच काहीतरी' हा पर्याय विसरू नका. तो सगळ्यांत जास्त वापरला गेला.

घरी आल्यावर वहीचा वापर निम्म्यावर आला. आता त्याच्याजवळ तीस-चाळीस शब्द आहेत आणि काठी घेऊन तो दारापर्यंत येतो. वही भरत आली म्हणून मी तशीच दुसरी आणली आणि पहिल्या पानावरच्या चार गोष्टी उतरवायला घेतल्या. दादाने डावा पंजा पानावर ठेवला. म्हणाला, "मी." येणाऱ्याला काय सांगायचं ते आता तोच सांगतो, काही शब्दांत, काही खुणांनी, आणि त्याला वेळ लागतो. खांद्याची गोष्ट मात्र मी लिहून ठेवली आहे. त्याला विचारलं, त्याने अंगठा वर केला.